लेकाने "सिक्स" म्हणायचं सोडलंय

पत्र मेलबर्नहून आलंय. मोठं होतं, थोडं कापून देते.

"ताई, आम्ही मूळचे सांगलीचे. लग्नानंतर ऑकलंडला गेलो, लेक तिथेच जन्मला, आम्ही तिघंही न्यूझीलंडचे सिटिझन. दीड वर्षापूर्वी नवऱ्याच्या जॉबमुळे मेलबर्नला आलो. लेक नऊ वर्षांचा आहे. शाळेत त्याला पहिल्या दिवसापासून किवी किवी म्हणतात, मेंढ्यांवरून चिडवतात आणि 'सिक्स' म्हणून दाखव म्हणतात, कारण तो म्हणतो ते त्यांना भलतंच ऐकू येतं. आधी तोही हसायचा. परवा मागच्या अंगणात बाबासोबत क्रिकेट खेळताना त्याने बॉल कुंपणापलीकडे घालवला आणि ओरडला, 'फाइव्ह प्लस वन!' मी किचनच्या खिडकीतून ऐकलं, हातातलं लाटणं हातातच राहिलं. माझ्या ऑफिसातही एकजण सारखे मेंढ्यांचे जोक मारतो. नवरा म्हणतो हे बँटर आहे, या दोन देशांचं जुनंच चालू आहे, मनावर घेऊ नको. मला शाळेत जाऊन कंप्लेंट करायचीय. हे मैत्रीतलं असतं की छळ असतो? आणि आम्ही तर ना धड किवी ना धड ऑस्ट्रेलियन, मग आमच्या लेकाने हे का सोसायचं?"

अगं, ते "फाइव्ह प्लस वन" वाचून मला पुढचं पत्र लगेच वाचवेना. नऊ वर्षांच्या पोराने स्वतःच्या तोंडातला एक आकडा काढून टाकलाय आणि त्याच्या जागी बेरीज ठेवलीय. याला मी किरकोळ म्हणणार नाही. नवऱ्याचं म्हणणं खरंय, पण अर्धंच. जुनं चालू आहे म्हणजे चांगलंच चालू आहे असं काही नसतं ना.

मी स्वतः नऊ वर्षं वेलिंग्टनला राहिलेय, बहीण सिडनीला, त्यामुळे दोन्हीकडची चेष्टा दोन्ही कानांनी ऐकलीय. आणि तुला खरं सांगते, मला ती मनापासून आवडायची. बहिणीकडे गेलं की तिचे शेजारी मला "फश अँड चप्स आणू का" विचारायचे, मग मी त्यांना "फीश अँड चीप्स" करून दाखवायचे, कारण आपल्याला ते म्हणतात ते तसंच ऐकू येतं. एका साध्या सपातेला न्यूझीलंडमध्ये जँडल म्हणायचं आणि ऑस्ट्रेलियात थाँग, थंड पेयांच्या डब्याला न्यूझीलंडमध्ये चिली बिन आणि ऑस्ट्रेलियात एस्की, यावरून लोक अख्खी संध्याकाळ भांडायचे आणि निघताना एकमेकांना उरलेलं जेवण डब्यात भरून द्यायचे. तू सांगलीची ना? मग भडंग जयसिंगपूरचं खरं की सांगलीचं यावर लग्नाच्या पंगतीत काय जुंपते ते तुला मी सांगायला नको.

पण ती जुंपते तेव्हा दोघं बरोबरीने बोलत असतात, आणि माझं सगळं म्हणणं इथेच येतं. ज्याची चेष्टा चाललीय त्याला उलट टोला मारता येतोय का, आणि त्याने "बास" म्हटलं तर समोरचा थांबतो का. ही दोन उत्तरं हो असतील तर खुशाल चालू दे. तुझ्या लेकाकडे आत्ता टोलाच नाहीये. तो तिथे जन्मला खरा, पण घरात शिवाजी महाराज आणि गणपती ऐकत वाढला (आणि तसंच वाढायला हवं), मेंढ्यांच्या जोकला उत्तर काय असतं ते त्याला शिकवणारं घरात कुणी नाही. वर्गात बाकीच्यांना ते घरीच मिळालेलं असतं, बापाकडून, आजोबांकडून. म्हणजे मॅच सुरू झालीय आणि आपल्या पोराच्या हातात बॅटच नाही.

तर आधी बॅट देऊया. मेंढ्यांपासूनच.

न्यूझीलंडमध्ये १९८२ च्या सुमाराला साधारण ७ कोटी मेंढ्या होत्या, म्हणजे माणशी बावीसेक, आणि हा जोक तेव्हापासून तसाच चिकटून बसलाय. त्यानंतर लोकरीचे भाव पडले, सरकारी सबसिडी गेल्या, शेतकरी दुधाच्या गाईंकडे वळले, आणि आता माणशी पाचसुद्धा उरल्या नाहीत. आणि एकूण आकडा काढलास तर ऑस्ट्रेलियात न्यूझीलंडच्या दुपटीहून जास्त मेंढ्या आहेत! हे लेकाला सांग. "तुमच्याकडे आमच्यापेक्षा जास्त आहेत, आधी त्या मोजा." एवढं एक वाक्य त्याला हसत म्हणता आलं ना, तर वर्गातली अर्धी पोरं त्याच्या बाजूने हसतील, मुलांचं तसंच असतं.

मग त्याला फार लॅप या शर्यतीच्या घोड्याची गोष्ट सांग, आणि नुसती सांगू नको, दाखवायला घेऊन जा, तुम्ही त्याच गावात आहात. मी मेलबर्न म्युझियममध्ये वेलिंग्टनच्या शेजारणीसोबत गेले होते. काचेच्या मोठ्या पेटीत तो लालसर तपकिरी घोडा उभा आहे, भोवती अंधार आणि फक्त त्याच्यावर दिवे, अंगावरची चमक अशी की आत्ता खरारा करून आणलाय वाटावं. शेजारीण काचेला नाक लावून उभी राहिली आणि बाजूला उभ्या असलेल्या एका अनोळखी ऑस्ट्रेलियन आजोबांना म्हणाली, "हा आमचा आहे." आजोबा म्हणाले, "पळाला आमच्याकडे." शेजारीण म्हणाली, "जन्मला आमच्याकडे." आणि ते खरंच आहे. घोडा १९२६ साली न्यूझीलंडमध्ये टिमारूजवळ जन्मला, पळाला ऑस्ट्रेलियात, १९३० ची मेलबर्न कप जिंकला, १९३२ मध्ये अमेरिकेत मेला, आणि मग त्याची वाटणी झाली. कातडं मेलबर्नला, सांगाडा वेलिंग्टनला ते पापा म्युझियममध्ये, आणि सहा किलोच्या वर वजनाचं ते काळीज कॅनबेराला. दोन्ही देशांना तो इतका हवा होता. ते दोघं तिथे पंधरा मिनिटं वाद घालत होते, मी मधे उभी, आणि शेवटी आजोबांनीच आम्हाला कॉफी पाजली.

आता क्रिकेट, कारण लेक क्रिकेटवाला आहे आणि ही गोष्ट त्याला माहीत असायलाच हवी. १ फेब्रुवारी १९८१, मेलबर्नचंच ग्राउंड. शेवटच्या बॉलवर न्यूझीलंडला सहा रन हवे होते, तेसुद्धा जिंकायला नाही, टाय करायला. बघ, तिथेही सहाच! ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन ग्रेग चॅपेलने बोलर असलेल्या धाकट्या भावाला, ट्रेवरला सांगितलं की हात खालून घे आणि बॉल जमिनीवरून घरंगळत सोड. तेव्हाच्या नियमात ते बसत होतं. ब्रायन मॅकेक्नीने बॉल अडवला आणि बॅट फेकून दिली. न्यूझीलंडचे पंतप्रधान मल्डून तर एवढे भडकले की म्हणाले, हा भेकडपणा आहे आणि ऑस्ट्रेलियाची टीम पिवळ्या कपड्यात होती ते बरोबरच होतं, इंग्रजीत पिवळा रंग म्हणजे भित्रेपणा ना. पण मला त्याच्यापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान फ्रेझरही म्हणाले की हे खेळाच्या परंपरेत बसत नाही, आणि त्यांच्याच रिची बेनोने, जुन्या कॅप्टन आणि कॉमेंटेटरने, टीव्हीवर तिथल्या तिथे झाडलं. आपल्याच माणसाला "चुकलास" म्हणणारी माणसं होती, म्हणून ती जखम चिघळली नाही.

आणि पुढे काय झालं ते मी टीव्हीवर बघितलंय. १७ फेब्रुवारी २००५, ऑकलंडला ईडन पार्कवर पुरुषांची पहिली आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी. दोन्ही टीम जुन्या स्टाइलचे कपडे घालून उतरलेल्या, न्यूझीलंडवाले त्या जुन्या बिस्किटी रंगात. मॅच हातातून गेलेली, शेवटचे बॉल चाललेले, आणि ग्लेन मॅग्रा धावत येऊन वाकला आणि हात खालून न्यायची ॲक्शन केली! अंपायर बिली बोडेनने फुटबॉलसारखं लाल कार्ड काढून त्याला दाखवलं. आम्ही त्या शेजारणीच्याच घरी बसलो होतो. तिचा नवरा १९८१ साली बारा वर्षांचा होता, ती मॅच त्याने वडिलांसोबत बघितलेली, तो आधी एकदम गप्प झाला आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. चोवीस वर्षं लागली गं. आणि तो जोक ऑस्ट्रेलियाच्या माणसाने स्वतःच्याच टीमच्या चुकीवर केला, न्यूझीलंडच्या लोकांसमोर, त्यांच्या घरी येऊन. म्हणून तो चालला. तेच न्यूझीलंडच्या कुणाला ऑस्ट्रेलियात वर्गासमोर उभं करून "बॅट फेकून दाखव" म्हटलं असतं तर?

तुझ्या लेकाला वर्गात "सिक्स म्हणून दाखव" म्हणतात ते असं आहे. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मेंढ्यांचा जोक पोराने पोराला मारला तर त्याला त्याचं उत्तर दे आणि बाजूला हो. पण एखाद्याचं बोलणं म्हणजे खेळ करून पुन्हा पुन्हा म्हणायला लावणं, आणि त्याने तो शब्दच टाकून देईपर्यंत म्हणायला लावणं, हे थांबलंच पाहिजे. शाळेत जा. फक्त "माझ्या मुलाला चिडवतात" असं म्हणू नको, ते ऐकून टीचर मान डोलावतील आणि विसरतील. त्यांना ते अंगणातलं सांग, जसंच्या तसं. "माझा मुलगा आता सहा हा आकडा बोलत नाही, पाच अधिक एक म्हणतो, गणिताच्या तासाला काय म्हणतो ते तुम्ही बघा." ज्या टीचरला मुलांची काळजी आहे तिला याच्या पुढे काही सांगावं लागत नाही. कुणाला शिक्षा करा असं मागू नको, "म्हणून दाखव" हा खेळ वर्गात बंद करा एवढंच माग. नाही ऐकलं तर लेखी दे, आणि मग मागे हटू नको.

ऑफिसचं वेगळं आहे आणि इथे मला जरा उघड बोलावं लागेल. मोठ्या माणसांच्या तोंडी त्या मेंढ्यांच्या जोकला एक घाणेरडा अर्थ असतो, माणूस आणि मेंढी असा. तुला कदाचित तो कळला नसेल, मलाही पहिली दोन वर्षं कळला नव्हता आणि कळला तेव्हा मी किती वेळा सोबत हसले होते ते आठवून कानशिलं तापली. तो माणूस तुझ्यासमोर, एका बाईसमोर, रोज ते बोलतोय. त्याला एकदाच, चेहऱ्यावर हसू न ठेवता सांग की मला त्याचा अर्थ माहितीय आणि मला ते ऐकायचं नाही. "सॉरी, पण" वगैरे काही लावू नको पुढे. त्यानंतरही बोलला तर एचआर. नवऱ्यालाही तो अर्थ सांग, मग तो त्याला बँटर म्हणतो का बघू.

आता तुझा शेवटचा प्रश्न, आम्ही ना धड किवी ना धड ऑस्ट्रेलियन. यावर मी खूप विचार केला. तुझ्या लेकाला त्या पोरांनी काय म्हटलंय बघ, किवी म्हटलंय. रंगावरून नाही, डब्यातल्या मेथीच्या पराठ्यावरून नाही, नाव उच्चारता येत नाही म्हणून नाही. त्यांच्या लेखी तो न्यूझीलंडचा पोरगा आहे, पूर्ण, जसा कुठलाही गोरा न्यूझीलंडवाला असतो. आम्हाला वेलिंग्टनला नऊ वर्षांत "पण तुम्ही खरे कुठले" हा प्रश्न किती वेळा आला त्याची गणती नाही. तुझ्या लेकाला तो अजून आला नाहीये, आणि मला यात आनंद वाटतो, चेष्टेचा त्रास आहे तरीही. तू त्याला "आपण कुठे किवी आहोत" असं सांगून समजूत घालू नको. तो आहे. आणि सांगलीचाही आहे. मात्र कान उघडे ठेव. ज्या दिवशी चेष्टा मेंढ्यांवरून कातडीवर किंवा डब्यावर सरकली त्या दिवशी हे दोन देशांचं राहिलं नाही, मग उत्तरं शिकवत बसू नको, सरळ मुख्याध्यापकांकडे जा.

आणखी एक, हे असले जोक त्या त्या देशाबद्दल खरं काही सांगतात असंही नसतं. नॉर्वेत स्वीडिश लोकांवर जे जोक सांगतात तेच स्वीडनमध्ये नॉर्वेच्या लोकांवर सांगतात, फक्त नावं उलटी. मेंढ्यांचे जोक इंग्रज लोक वेल्सवाल्यांवर मारतात. मोठा शेजारी आणि छोटा शेजारी असला की हे होतंच, आणि छोट्याला मोठा सतत डोळ्यासमोर दिसतो, मोठ्याला छोटा आठवतो तो फक्त मॅचच्या दिवशी. ऑस्ट्रेलियात पावणेतीन कोटींच्या आसपास माणसं, न्यूझीलंडमध्ये पन्नास लाखांच्या थोडी वर, मधे दोन हजार किलोमीटर समुद्र. आणि तरी १९०१ मध्ये ऑस्ट्रेलिया एक देश झाला तेव्हा त्यांच्या घटनेच्या कायद्यात न्यूझीलंडचं नाव घालून ठेवलं, की यायचं असेल तर जागा आहे. ते आले नाहीत. नाव अजून तसंच आहे तिथे.

मोठ्यांच्या पातळीवर मात्र नुसती चेष्टा नव्हती, ते तुलाही माहीत असलं पाहिजे. २००१ पासून ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या न्यूझीलंडवाल्यांचे बरेच हक्क कमी झाले, आणि २०१४ नंतर एक वर्ष किंवा जास्त शिक्षा झालेल्यांचे व्हिसा रद्द करून त्यांना परत पाठवायला लागले, त्यात लहानपणापासून ऑस्ट्रेलियात वाढलेले, तिकडे कुणीच नसलेले लोकही होते. वेलिंग्टनला माझ्या ओळखीत असं एक घर फुटलंय, त्यांच्यासमोर "भावंडासारखे देश" म्हणायची माझी हिंमत नाही होत. पण १ जुलै २०२३ पासून एक चांगलं झालंय, तुमच्यासारखे न्यूझीलंडचे नागरिक चार वर्षं तिथे राहिले की आधी पीआर न घेता थेट नागरिकत्वाला अर्ज करू शकतात. तुमची अडीच वर्षं उरलीत. कागद आत्तापासून नीट ठेवा.

२५ एप्रिलला लेकाला पहाटे उठव आणि श्राइन ऑफ रिमेंब्रन्सला, तुमच्या गावातल्या युद्धस्मारकाला घेऊन जा, त्या दिवशी अँझॅक डे असतो, अंधारात हजारो माणसं गप्प उभी असतात. अँझॅक म्हणजे पहिल्या महायुद्धातली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची एकत्र फौज, त्या शब्दातलं दुसरं अक्षर आणि तिसरं अक्षर न्यूझीलंडचं आहे, एन आणि झेड, ते त्याला दाखव. १९१५ मध्ये त्याच दिवशी तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर दोन्हीकडची पोरं एकत्र उतरली, आणि त्यांच्यासोबत खेचरांवर तोफा लादून आपल्याकडच्या, भारतातल्या माउंटन बॅटऱ्याही, म्हणजे डोंगरी तोफखान्याच्या तुकड्याही उतरल्या होत्या. हे त्याच्या वर्गात बहुतेक कुणालाच माहीत नसेल. त्याला बोलू दे त्यावर, टीचरला सांगून पाच मिनिटं मागून घे.

आणि अंगणात पुढच्या वेळी त्याने कुंपणापलीकडे मारला की बाबाला सांग मोठ्याने ओरडायला, "सिक्स", पण ऑकलंडच्या उच्चारात. बाबाने इतकी वर्षं तिथे काढलीत, जमेल त्याला. लेकाला दुरुस्त करू नका, म्हणायला लावू नका. नुसतं त्याच्या कानावर पडू दे की घरात तो शब्द तसाच चालतो.

त्याच्या वाढदिवसाला वर्गातल्या पोरांना घरी बोलाव आणि पाव्हलोव्हा कर, तो अंड्याच्या पांढऱ्या भागाचा गोड केक. त्यावरून तर दोन्ही देशांचं कधीच मिटणार नाही, रशियन नर्तकी ॲना पाव्हलोव्हा १९२६ मध्ये दोन्हीकडे नाचून गेली आणि पदार्थ आमचा असं दोघंही म्हणतात. अर्ध्यावर किवी लाव, अर्ध्यावर पॅशनफ्रूट, आणि पोरांना भांडू दे. चार अंड्यांचा पांढरा भाग, साधारण एक कप बारीक साखर, चमचाभर कॉर्नफ्लोअर आणि चमचाभर व्हिनेगर. साखर थोडी थोडी करून घाल, बोटांत चोळून बघितलं की कण लागता कामा नये. मंद आचेवर सव्वा तास. आणि ओव्हन बंद केल्यावर दार लगेच उघडू नको, रात्रभर आतच गार होऊ दे, नाहीतर मधोमध तडकतो.